नंबरच्या काचा

मी एक जुना मास्क आहे. पाण्याखाली उतरताना डोळे आणि नाक झाकायला लावतात ना, तो. दोन काचा, मध्ये नाकासाठी मऊ पिशवी, भोवती सिलिकॉनची कड आणि मागे पट्टा, एवढाच माझा संसार. नवा होतो तेव्हा माझी कड दुधाच्या सायीसारखी होती. आता ती पिवळी पडली आहे. पट्टा दोनदा बदलून झाला. पण मित्रांनो, मी आज माझ्यापेक्षा एका माणसाबद्दलच जास्त बोलणार आहे. मास्कला स्वतःचे डोळे नसतात. तो ज्याच्या डोळ्यांवर बसतो, त्याचेच आयुष्य त्याच्या वाट्याला येते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. साच्यात सिलिकॉन ओतले, तापवले, निववले. मग एका बाईंनी छोट्या कात्रीने माझ्या कडेला चिकटलेले फालतू तुकडे कापले, कडेवरून बोट फिरवले आणि मला पुढच्या टेबलावर सरकवले. माझ्या आधीच्या मास्कला त्यांनी टोपलीत टाकले होते. त्याच्या कडेला केसाएवढी चीर होती. तेव्हा मला त्या बाई फार कठोर वाटल्या. पुढे खोल पाण्यात उतरलो आणि समजले, की कधी न पाहिलेल्या माणसांची त्या काळजी घेत होत्या.

तिथून मी एका दुकानात आलो. बंदराच्या मागच्या रस्त्यावर, बसथांब्यासमोर ते दुकान होते. दुकान चालवणाऱ्या बाई पूर्वी स्वतः पाण्याखाली काम करायच्या. त्यांचा चष्मा जाड आणि जीभ सडेतोड होती. वरच्या फळीवर रंगीत, एकाच मोठ्या काचेचे मास्क ऐटीत मांडलेले असत. मी खालच्या फळीवर होतो, काळ्या चौकटीचा, आखूड, दोन खिडक्यांचा. एकदा एक गिऱ्हाईक मला हातात घेऊन म्हणाले, "हा तर घुबडासारखा दिसतो," आणि हसत परत ठेवून गेले. आठ महिने मी तिथेच बसून होतो. मला वाटू लागले होते, की आपला जन्म धूळ खाण्यासाठीच आहे.

मग एका दुपारी एक मुलगी आपल्या वडिलांना जवळजवळ ओढतच दुकानात घेऊन आली. वडील रुंद खांद्यांचे, पन्नाशीला टेकलेले. ओठावर अशी झुपकेदार मिशी, की माणसाआधी मिशीच आत आली म्हणा ना! मुलगी कॉलेजात शिकणारी, चष्मेवाली.

"तू बघ हवा तो. मी बाहेर थांबतो," वडील म्हणाले.

"बाबा, मास्क तुमच्या तोंडाला बसायला हवाय, माझ्या नाही."

दुकानाच्या बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिले. "तुम्ही बंदरावरचे ना? मिशीवाले म्हणतात ते?"

"हो."

सगळे बंदर त्यांना याच नावाने ओळखत असे. मीही त्यांना मिशीवाले काकाच म्हणतो. बोटींच्या तळाला अडकलेले दोर काढायचे, पाण्यातल्या साखळ्या तपासायच्या, धक्क्याचे खांब कुठे झिजले ते पाहायचे, असे त्यांचे काम. बावीस वर्षे ते पाण्यात उतरत होते.

मुलीने पर्समधून डोळ्यांच्या डॉक्टरांचा कागद काढला. "नंबरचा मास्क मिळेल का? उजवा मायनस चार, डावा मायनस साडेचार."

बाईंनी कागद वाचला, मग चष्म्यावरून काकांकडे पाहिले. "आणि चष्मा कुठंय?"

काकांनी नजर फळीकडे वळवली. उत्तर मुलीनेच दिले. "चष्मा नाहीच. मला म्हणायचे, उन्हामुळं बसची पाटी दिसत नाही, तू वाच. दोनदा वाचली. तिसऱ्यांदा बघते तर आभाळ भरून आलेलं! म्हटलं, बाबा, ऊन कुठंय? तेव्हा कुठं कबूल झाले. ही सगळी नाटकं मी नऊ वर्षांची असताना केलीत, म्हणून लगेच ओळखली."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी कामाला सुरुवात केली. काकांनी हात वर करून सर्वांत मोठा, एका काचेचा मास्क मागितला. त्यातून जास्त दिसेल, असे त्यांना वाटले.

"तो तुमच्या कामाचा नाही," बाई म्हणाल्या. "एका सलग काचेत नंबर बसवायचा तर भिंग आतून चिकटवावं लागतं. बंदराच्या कामात ते कधी सुटेल सांगता येत नाही. दोन काचांचा घ्या. साध्या काचा काढायच्या, नंबरच्या बसवायच्या. दोन डोळ्यांना दोन वेगळे नंबर असले तरी अडत नाही."

"चष्मा घालून वरून मास्क लावला तर?"

"काड्या कडेखालून बाहेर येणार आणि त्याच वाटेनं पाणी आत. डोळ्यांत बसवायच्या लेन्स काहीजण वापरतात, पण तुमचं पाणी तेलकट आणि घाण. मी तरी त्या सुचवणार नाही."

मग एकेक मास्क काकांच्या तोंडाला लावून पाहणे सुरू झाले. बाईंची पद्धत सोपी होती. पट्टा मागे न बांधता मास्क नुसता चेहऱ्यावर टेकवायचा, नाकाने हलकेच श्वास ओढायचा आणि हात सोडायचा. मास्क तसाच चिकटून राहिला तर चेहरा त्याचा. पडला तर नाही. पहिला पडला. दुसरा कपाळाशी उघडा राहिला. तिसऱ्यात काकांचे नाक चिमटीत धरता येईना. खोल जाताना कान मोकळे करायला नाक दाबावे लागते, तेव्हा तोही बाद. चौथा मी.

बाईंनी मला खालच्या फळीवरून उचलले, फुंकर मारली आणि काकांच्या चेहऱ्यावर ठेवले. पहिल्यांदाच कुणाच्या तरी श्वासाने मला धरले होते. मी कपाळाला, गालांना, सगळीकडे टेकलो. फक्त नाकाखाली मिशीतून वारा शिरत होता. मी घसरलो आणि बाईंच्या हातात पडलो.

"चेहरा याचाच आहे. मिशीनं घोटाळा केला," बाई म्हणाल्या. "वरून बोटभर कापा."

"मिशी?" काकांचा हात आपोआप ओठाकडे गेला. मुलीने हसू दाबले.

बाईंनी कागदावर नवे आकडे लिहिले. "दोन्हीकडं अर्धा नंबर कमी देते. पाण्यात वस्तू तशीही मोठी आणि जवळ दिसते. आणि तुमचं वय बघता हाताजवळचं हवेचं मीटर वाचायलाही ते बरं पडेल." मग लिहिता लिहिता त्यांनी सहज विचारले, "मला एक सांगा, आत्तापर्यंत पाण्यात सोबत्याची खूण तुम्हाला किती लांबून दिसत होती?"

काकांनी मला काउंटरवरून उचलले आणि बोटाने माझी कड चाचपली.

"दिसली नाही," शेवटी ते म्हणाले.

"काय?"

"त्यानं खूण केली होती. मला दिसली नाही."

मुलीच्या चेहऱ्यावरचे हसू गेले. "कोणी, बाबा? मामानं?"

मित्रांनो, तेव्हा मला कळले, की मी कशासाठी निवडला गेलो आहे. मुलीचा मामा, म्हणजे काकांच्या बायकोचा धाकटा भाऊ, पाण्यातला त्यांचा सोबती होता. सव्वा वर्षापूर्वी दोघे चाळीस फूट खाली एका साखळीचे काम करत होते. मामांच्या हवेची नळी फाटली. त्यातच त्यांचा कमरेचा पट्टा साखळीत अडकलेला. त्यांनी आडवा हात गळ्यावरून फिरवून खूण केली. हवा संपली, अशी ती खूण असते. एकदा नव्हे, तीनदा केली. काका दहा फुटांवर होते. त्यांना हात हलताना दिसला, पण तो गळ्यावर आहे हे काही दिसले नाही. त्यांना वाटले, मेहुणा म्हणतोय, तुम्ही पुढचं बघा. त्यांनी पाठ फिरवली.

मामांनी पट्टा कापला आणि श्वास कोंडून एका दमात वर आले. तसे कधीच यायचे नसते. डावा कान कायमचा गेला, फुप्फुसाला इजा झाली, आणि डॉक्टरांनी पुन्हा पाण्यात उतरायला बंदी केली.

एवढ्यावरच हे थांबले नव्हते, तेही काकांनी तिथेच सांगितले. मुकादमांनी चौकशी केली, तेव्हा काकांनी सांगितले होते, "त्यानं खूण केलीच नाही. घाबरला आणि सुटला वर." तसाच अहवाल लिहिला गेला. डोळ्यांच्या तपासणीत दरवर्षी तक्त्यावरची अक्षरे पाठ करून ते सुटत आले होते. खरे सांगितले असते तर ते उघडे पडले असते.

"मामा त्या दिवसापासून बंदराकडं फिरकला नाही," मुलगी हळू आवाजात म्हणाली. "लोक म्हणतात, भित्रा. आणि तुम्ही ऐकत राहिलात?"

समोरच्या थांब्यावर बस थांबल्याचा आवाज आत आला. दुकानाच्या बाईंनी कागदाची घडी घातली. "काचा चार दिवसांत बसवते," एवढेच त्या बोलल्या.

घरी मी आलो तो नव्या काचांसह. काकांनी आरशासमोर उभे राहून मिशीला कात्री लावली. काकू पोळ्या लाटत होत्या. त्यांनी वर पाहिले आणि म्हणाल्या, "हे तोंड कुणाकडून उसनं आणलंत?" काकांनी हसण्याचा प्रयत्न केला. काकूंना अजून काहीच ठाऊक नव्हते. मुलीने बापाला सांगून टाकले होते, "मामाला तुम्ही सांगा. मी सांगणार नाही, आणि विसरणारही नाही." काका रोज 'उद्या' म्हणत. असे अकरा उद्या गेले.

बाराव्या दिवशी मी पहिल्यांदा पाण्यात उतरलो. त्याआधी काका माझ्या काचांवर आतून थुंकले. मला भयंकर अपमान वाटला. नंतर समजले, की त्याने काचेवर वाफ धरत नाही. मग मी त्याची सवय करून घेतली. प्रेमाच्याही नाना तऱ्हा असतात.

त्या दिवशी धक्क्याच्या खांबांचे काम होते. आम्ही खाली गेलो आणि काका थांबले. खांबावरचे शिंपले वेगवेगळे दिसत होते. एका खेकड्याने आम्हाला पाहून नांगी उचलली, तीही दिसली. काकांचा श्वास जोरात चालू लागला. माझ्या कडेला त्याचा हिसका जाणवत होता. दहा-बारा फुटांवर त्यांचा नवा सोबती होता. त्याने अंगठा आणि पहिले बोट जुळवून 'ठीक आहे ना?' असे विचारले. काकांना त्याची पाचही बोटे दिसली. हातमोज्याची उसवलेली शिवणसुद्धा दिसली.

काकांनी उत्तर द्यायला हात उचलला, पण तो तसाच राहिला. मग माझ्या आत पाणी आले. आधी मला वाटले, माझी कड कुठेतरी सुटली. पण ते पाणी गरम होते.

वर आल्यावर त्यांनी कपडेही बदलले नाहीत. पोशाखाला टॉवेल गुंडाळून, मला तसेच मुठीत धरून ते थेट मेहुण्याच्या घरी गेले. मामा तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहत. खिडकीजवळ बसून ते एका पंख्याची मोटर खोलत होते. हल्ली ते घरगुती यंत्रांची दुरुस्ती करत. काका आले तेव्हा त्यांनी उजवा कान पुढे केला. डाव्या बाजूने त्यांना ऐकू येत नसे.

"या दाजी. असे ओलेचिंब? बसा की."

काका बसले नाहीत. त्यांनी उभ्याउभ्या सगळे सांगितले. डोळे, तक्ता, खूण, चौकशी. काही लपवले नाही, रंगवलेही नाही. मामांनी हातातला पेचकस खाली ठेवला.

"म्हणजे मी खूण केली होती," मामा म्हणाले.

"तीनदा केलीस."

"सगळे म्हणायला लागले तसं मलाही वाटायला लागलं होतं की मी हात उचललाच नाही. घाबरलो असेन. दाजी, मी स्वतःवरच विश्वास ठेवायचा सोडला होता." त्यांचा आवाज चढला नाही, आणि म्हणूनच तो ऐकवत नव्हता. "कान गेला त्याचं मला एवढं नाही. पण सव्वा वर्ष तुम्ही माझ्या घरी येऊन चहा पीत होतात."

"हो."

"जा तुम्ही. आत्ता जा."

आम्ही जिना उतरलो. काका तसेच मुकादमांकडे गेले आणि सगळ्या लोकांना बोलवायला सांगितले. दोरांच्या ढिगाऱ्याजवळ चौदा माणसे गोळा झाली. त्यांच्यासमोर काकांनी पुन्हा तेच सांगितले. मुकादम म्हणाले, "तुला कळतंय ना, आता काय होणार ते?" काका म्हणाले, "कळतंय. अहवाल आधी बदला."

अहवाल बदलला गेला. काकांना पाण्यातून काढून जमिनीवरच्या कामाला लावले. साखळ्या खरवडायच्या, रंग द्यायचा. घरी काकूंनी ताट वाढले, कपडे धुतले, पण बोलणे तोडले. "माझा भाऊ होता तो," एवढे एक वाक्य त्या एकदाच म्हणाल्या.

आणि मी? मला त्या दिवशी गोड्या पाण्याने कुणी धुतलेच नाही. खारट पाणी अंगावरच सुकले, कडेला पांढरी खपली धरली. साहित्याच्या खोलीत एका खिळ्यावर मी उलटा लटकत राहिलो. खिडकीतून दुपारचे ऊन नेमके माझ्यावर येई, त्यानेच मी पिवळा पडलो. पाच महिने मला कुणी हात लावला नाही. माझी काही तक्रार नव्हती. ज्या घरात माणसे एकमेकांशी बोलत नाहीत, तिथे मास्कची कोण आठवण ठेवणार?

एका सकाळी काका त्याच खोलीत साखळीला ग्रीस लावत होते. दारात कुणीतरी उभे राहिले. मामा होते. सव्वा वर्ष आणि वर हे पाच महिने, इतक्या काळाने त्यांनी बंदरात पाऊल टाकले होते. वाटेत दोघातिघांनी त्यांना थांबवून हात मिळवल्याचे मी खिडकीतून पाहिले होते.

त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि मला खिळ्यावरून काढले. "हाच का तो?"

"हाच."

मामांची नजर अगदी स्वच्छ होती. त्यांनी मला डोळ्यांना लावले. नंबर नसलेल्या माणसाने माझ्यातून पाहिले की सगळे पुसट होते. त्यांनी हात पुढे धरून पाहिला, मान हलवली.

"दाजी, तिकडं भिंतीजवळ जा. दहा फूट. आणि ती खूण करा."

काका ग्रीसने माखलेले हात घेऊन भिंतीशी गेले. त्यांनी आडवा हात गळ्यावरून फिरवला. एकदा. मग पुन्हा. आणि तिसऱ्यांदा.

मामांनी मला डोळ्यांवर आणखी घट्ट दाबले. "तुम्हाला असं दिसायचं?"

"तुझं कारण वेगळं, पण दिसायचं असंच. माणूस दिसायचा, हात दिसायचा. हात कुठं आहे ते नाही कळायचं."

"मला आत्ता वाटलं, तुम्ही मला जा म्हणताय."

काका भिंतीला टेकून खाली बसले. मामांनी मला काढले, आणि हातातल्या रुमालाने माझ्या कडेवरची पांढरी खपली पुसत राहिले.

"न दिसणं मी समजू शकतो," ते म्हणाले. "खोटं बोललात ते नाही. माफ केलं असं मी म्हणणार नाही."

"नको म्हणूस."

"मुकादम काल घरी आला होता. तुम्हाला पुढच्या आठवड्यापासून पाण्यात सोडणार म्हणतोय, नंबरच्या काचा असल्या तर. पण वर तुमचा दोर धरायला कुणी तयार नाही. तुमच्यावर भरवसा नाही म्हणतात." मामांनी रुमाल खिशात टाकला. "मी हो म्हणून आलोय."

"तू?"

"दोर धरायला दोन्ही कान लागत नाहीत. हाताला कळतं."

मित्रांनो, अहवाल बदलल्यावर बंदरात नियमच झाला होता, की पाण्यात उतरणाऱ्याच्या कमरेला दोर हवा आणि वर कुणीतरी त्याचे दुसरे टोक धरून बसायला हवे. दोनदा ओढले तर 'कसा आहेस?' आणि खालून दोनदा ओढले तर 'बरा आहे'. पुढच्या सोमवारी आम्ही उतरलो. वीस फुटांवर दोर दोनदा ओढला गेला. काकांनी उत्तर द्यायला हात नेला, पण लगेच ओढता आले नाही. माझ्यात पुन्हा गरम पाणी आले होते. वरून दोर पुन्हा दोनदा ओढला गेला, या वेळी जरा जोरात. काकांनी दोन्ही हातांनी उत्तर दिले. त्या दुपारी काकूंनी डबा दोघांचा मिळून पाठवला.

त्यानंतर मी नऊ वर्षे काम केले. किती साखळ्या पाहिल्या, किती खांब, याची मोजदाद नाही. रोज काम संपले की मामा मला गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवत, झटकत आणि सावलीत ठेवत. काका निवृत्त झाले, त्यांचा नंबर वाढला, आणि मी कुणाच्याच डोळ्यांना चालेनासा झालो. आता मी मामांच्या टेबलाच्या खणात असतो. नवे कुणी कामाला आले की ते मला बाहेर काढतात आणि ही हकीकत सांगतात. काकांचे नाव मात्र घेत नाहीत.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंना फार काही लागत नाही. उन्हात टाकू नका, खारे पाणी अंगावर सुकू देऊ नका, बस्स. माणसांना मात्र याहून जास्त लागते. 'मला दिसत नाही' हे तीन शब्द वेळेवर न बोलल्यामुळे एका माणसाचा कान गेला, आणि त्याचे नाव परत मिळायला सव्वा वर्ष लागले. म्हणून सांगतो, वर्गातल्या फळ्यावरचे दिसत नसेल, तर शेजारच्याच्या वहीत बघून लिहू नका. आज घरी गेल्या गेल्या सांगा.